पाळीव कुत्रे, जातींवरील बंदी आणि पट्ट्याचा नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंग आणि पाणीगळती यांच्या जोडीला आता कुत्र्यांचा विषय हमखास निघतो. एका बाजूला लहान मुलांचे पालक आणि ज्येष्ठ रहिवासी असतात, दुसऱ्या बाजूला कुत्रा पाळणारे असतात, आणि दोघांच्याही हातात मोबाइलवर आलेला, निम्मा खरा व निम्मा ऐकीव असा कायदा असतो. महाराष्ट्र आणि गोवा येथील रहिवाशांना सतत पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ही उत्तरे सर्वस्वी तटस्थ नाहीत. जातींच्या यादीआधी पट्टा, परवाना आणि मालकाची जबाबदारी यांचा विचार व्हावा, असे आमचे मत आहे. ते तसे का बनले, हे ओघाने येईलच.

पिटबुल आणि रॉटवायलर पाळण्यावर संपूर्ण भारतात बंदी आहे, हे खरे आहे का?

हा समज १२ मार्च २०२४ च्या एका पत्रामुळे पसरला. केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने त्या दिवशी सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना लिहिले की, २३ जातींच्या व त्यांच्या संकरित कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, त्यांच्यासाठी नवे परवाने देऊ नयेत, आणि जे कुत्रे आधीच घरोघरी आहेत त्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले आणि बऱ्याच सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर ती यादी झळकली.

मात्र महिनाभरातच, १० एप्रिल २०२४ रोजी, कर्नाटक उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केले, आणि १६ एप्रिल रोजी दिल्ली उच्च न्यायालयानेही ते बाजूला सारून, आधी लोकांच्या हरकती मागवा, असे केंद्राला सांगितले. पत्र आले तेव्हा गाजावाजा झाला. ते रद्द झाल्याची बातमी आतल्या पानावर गेली. म्हणूनच आजही कोणीतरी त्याच पत्राची छायाप्रत घेऊन सभेत उभा राहतो. त्या कागदाच्या आधारे कोणालाही कुत्रा घराबाहेर काढायला लावता येत नाही.

न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द का केले? त्या जाती निरुपद्रवी आहेत, असे न्यायालयाचे म्हणणे होते का?

तसे मुळीच नाही. हा निकाल कुत्र्यांच्या स्वभावाविषयी नव्हता, तो कार्यपद्धतीविषयी होता. कुत्रे पाळणारे, पैदासकार, प्राणिकल्याण संस्था यांपैकी कोणाचेही म्हणणे ऐकून न घेता निर्णय झाला होता; समितीची रचना सदोष होती; आणि जे नियमांत दुरुस्ती करूनच करता आले असते ते एका पत्राने करण्याचा प्रयत्न झाला होता. उद्या रीतसर प्रक्रिया करून नवे नियम आले, तर चित्र बदलू शकते.

त्या यादीत नेमके काय होते?

यादी मुळातून वाचली तर ती किती घाईत बनवली असावी, हे ध्यानात येते. पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो, कंगाल, कॉकेशियन शेफर्ड ही अपेक्षित नावे तिच्यात होतीच. पण टोसा ही जपानी जात तिच्यात दोनदा आली होती, एकदा ‘टोसा इनू’ म्हणून आणि एकदा ‘जपानी टोसा व अकिता’ या जोडीत. एका ठिकाणी तर नुसतेच ‘टेरियर्स’ असे लिहिले होते. शब्दशः घेतले तर पर्समध्ये मावणारा यॉर्कशायर टेरियरही त्यात येतो. शेवटी ‘बॅन डॉग’ नावाने ओळखला जाणारा प्रत्येक कुत्रा, असा एक मोघम उल्लेख होता. ही जात नव्हेच. राखणीसाठी किंवा झुंजीसाठी केलेल्या निरनिराळ्या संकरांना सैलपणे दिलेले ते नाव आहे.

यादीत काय नव्हते, तेही पाहावे. बंगल्याच्या फाटकावरची ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी आपल्याकडे वर्षानुवर्षे ज्यांच्या जिवावर लागत आली, ते अल्सेशियन म्हणजे जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन तिच्यात नव्हते. हस्की नव्हता. आपल्या मराठवाड्याचा कारवान किंवा कर्नाटकचा मुधोळ यांचाही समावेश नव्हता, आणि तो व्हावा असे आमचे म्हणणेही नाही. पण यादी कोणत्या निकषावर बनली, हे त्यावरून उमगत नाही एवढे खरे.

मग काही शहरांत आणि गोव्यात बंदी आहे, ती कशी?

स्थानिक स्वराज्य संस्था आणि राज्ये स्वतंत्रपणे निर्णय घेत आली आहेत. जुलै २०२२ मध्ये लखनौ येथे घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर उत्तरेत बंदीची लाट आली. गाझियाबाद महापालिकेने त्याच वर्षी पिटबुल, रॉटवायलर व डोगो अर्जेंटिनो यांना मनाई केली. कानपूर आणि पंचकुला यांनीही पहिल्या दोन जातींबाबत तसेच केले. नोएडाने जरा वेगळी वाट धरली. तेथे जात न पाहता नोंदणी सक्तीची करण्यात आली, आणि कुत्रा चावल्यास मालकाला १०,००० रुपये दंड व जखमीच्या उपचारांचा खर्च, असा नियम झाला.

गोव्यात ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण येथे पिटबुलच्या हल्ल्यात ७ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. त्यानंतर २०२५ मध्ये हिंस्र समजल्या जाणाऱ्या जातींची पैदास व पाळणूक यांवर निर्बंध आणणारे आणि बळींच्या भरपाईची तरतूद करणारे विधेयक गोवा विधानसभेने मंजूर केले. गोव्यात राहणाऱ्यांनी किंवा तेथे कुत्रा घेऊन जाणाऱ्यांनी त्याखालील अधिसूचना आपल्या पंचायतीत किंवा पालिकेत पाहून घ्याव्यात. महाराष्ट्रात राज्यभर लागू असलेली जातींची यादी नाही. येथे महापालिकांचा परवाना आणि सर्वसाधारण फौजदारी कायदा हीच साधने आहेत.

पिटबुल, रॉटवायलर हे इतर कुत्र्यांपेक्षा खरोखरच धोकादायक असतात का?

या प्रश्नावर दोन्ही बाजू अर्धेच बोलतात.

‘कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो’ हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण ते पुरेसे नाही. पॉमेरेनियन चिडका असू शकतो, आणि तो चावल्यास बहुधा टाके घालावे लागत नाहीत. चाळीस-पन्नास किलोचा, रुंद जबड्याचा कुत्रा एकदाच चावला तरी हात कायमचा अधू होऊ शकतो. पिटबुलसारख्या कुत्र्यांची पैदास काही पिढ्या झुंजीसाठी झाली, आणि धरलेले न सोडण्याची, दुखापत झाली तरी मागे न हटण्याची वृत्ती त्यांच्यात निवडून वाढवली गेली, हेही नाकारता येत नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या घरात, दिवसभर कोणी नसताना असा कुत्रा ठेवणारा माणूस स्वतःची आणि शेजाऱ्यांची परीक्षा पाहत असतो.

दुसरी बाजू अशी की, एकाच जातीच्या दोन कुत्र्यांमधील फरक दोन जातींमधल्या फरकापेक्षाही मोठा असू शकतो. पिल्लू आईपासून किती लवकर तोडले, पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याने किती माणसे, मुले, वाहने, आवाज पाहिले, त्याला मारून शिकवले की खाऊ देऊन, त्याला रोज पुरेसे चालवले जाते का, त्याला काही दुखते आहे का, यांवर त्याचे वागणे मोठ्या प्रमाणात ठरते. रुबाबासाठी कुत्रा घेणारा माणूस तो मुद्दाम अंगावर जाणारा व्हावा म्हणून चिथावतो. एका जातीवर बंदी आली की असा माणूस मांजर पाळू लागत नाही. तो पुढची जात शोधतो.

कुत्रा पिटबुलच आहे, हे ठरवणार कोण आणि कसे?

येथेच बहुतेक बंद्या अडखळतात. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने ‘अमेरिकन पिटबुल टेरियर’ या जातीला मान्यताच दिलेली नाही, तर तेथीलच युनायटेड केनेल क्लबने ती १८९८ पासून दिली आहे. आपल्याकडे रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून किंवा समाजमाध्यमावरील जाहिरातीवरून घेतलेल्या पिल्लाला वंशावळीचा कागद क्वचितच असतो. रुंद डोके आणि आखूड केस पाहून लॅब्रॅडोरच्या संकरालाही पिटबुल म्हटले जाते, आणि खऱ्या पिटबुलची नोंद ‘मिश्र जात’ अशी होते.

ब्रिटनने यावर मोजपट्टीचा उपाय काढला. एक्सएल बुली या प्रकारावर २०२३ च्या अखेरीस निर्बंध आणताना तेथील सरकारने शारीरिक वर्णन प्रसिद्ध केले, त्यात नराची खांद्यापाशी उंची किमान २० इंच आणि मादीची १९ इंच अशी अट आहे. म्हणजे एकाच वेताच्या दोन भावांपैकी एक बंदीत आणि दुसरा मोकळा, असे होऊ शकते. आपल्या महापालिकेचा निरीक्षक गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या खांद्याला मोजपट्टी लावतो आहे, हे चित्र वाचकांनीच डोळ्यांपुढे आणावे.

इतर देशांत बंदीचा अनुभव काय आहे?

संमिश्र आहे. ब्रिटनमध्ये १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्याने चार जातींवर बंदी घातली. तो आजही लागू आहे आणि त्याचा विस्तारच झाला आहे. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर आणलेली बंदी चाव्यांचे प्रमाण घटले नाही म्हणून २००८ मध्ये उठवली. इटलीने २००३ मध्ये भलीमोठी यादी काढली, नंतर ती छाटली आणि २००९ मध्ये रद्दच केली.

अमेरिकेतील डेन्व्हर शहराची गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वांत उपयोगी आहे. तेथे १९८९ पासून पिटबुलवर बंदी होती. फेब्रुवारी २०२० मध्ये नगर परिषदेने ती उठवली, महापौरांनी नकाराधिकार वापरून तो निर्णय रोखला, आणि प्रश्न नोव्हेंबरमध्ये थेट मतदारांपुढे गेला. मतदारांनी बंदी काढली, पण मोकळे रानही दिले नाही: नोंदणी, मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चकती), आपत्कालीन संपर्काची नावे आणि कुत्रा पळाल्यास किंवा चावल्यास तत्काळ कळवण्याची अट असलेला परवाना आला. बंदी आणि मोकळीक यांच्या मधली ही जागा आपल्याकडच्या चर्चेत जवळजवळ येतच नाही.

पाळीव कुत्र्याला सार्वजनिक जागेत पट्टा बांधणे कायद्याने बंधनकारक आहे का?

महापालिकांचे परवाना-नियम आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना यांत पट्ट्याची अपेक्षा आहे. खरा धाक मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ चा आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला त्यानुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भारतीय दंड विधानातील जुन्या कलम २८९ चाच हा नवा अवतार आहे; तेव्हा दंड हजार रुपयांपर्यंत होता. कलमात जातीचा उल्लेख नाही. ‘ताब्यातील’ या शब्दामुळे कुत्रा फिरवायला नेणारा नोकर किंवा पगारी फिरवणाराही त्यात येऊ शकतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती दोन रॉटवायलर देणाऱ्या मालकाला ‘मी तर घरीच होतो’ असे म्हणून सुटता येईल, या भ्रमात कोणी राहू नये.

अशा प्रकरणात प्रत्यक्षात कोणाला शिक्षा होते का?

होते, पण फार उशिरा. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये गाडीत बसवलेल्या रॉटवायलरने एका ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावे घेतले. गाडीचे दार उघडू नका, अशी विनंती केली असतानाही मालकाने ते उघडले होते. दंडाधिकारी न्यायालयाने मालकाला ३ महिन्यांची शिक्षा सुनावली ती जानेवारी २०२३ मध्ये.

वरळीतील प्रकरण त्याहून बोलके आहे. २०१८ मध्ये एका इमारतीच्या लिफ्टमध्ये एक रहिवासी आपल्या तान्ह्या मुलासह होते. आपल्याला कुत्र्याची भीती वाटते, जरा थांबा, असे त्यांनी सांगूनही मालकाने कुत्र्याला साखळीने ओढत आत आणले आणि कुत्रा त्यांच्या हाताला चावला. हे ओढणे कॅमेऱ्यात दिसत होते. मे २०२५ मध्ये मालकाला ४ महिन्यांची कैद झाली. तो कुत्रा हस्की होता, म्हणजे २३ जातींच्या यादीत नसलेला. आणि त्याला साखळीही होती. यादी आणि साखळी या दोन्ही गोष्टींचे समाधान होऊनही माणूस जखमी झाला, कारण साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या हाताने शेजाऱ्याचे ऐकले नाही.

याउलट जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला उभ्या रिक्षात पिटबुलने ११ वर्षांच्या मुलाला चावे घेतले आणि मालक हसत बसल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. तेथे जातही यादीतली होती आणि हातही बेफिकीर होता. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांना ते उदाहरण पुढे करण्याचा पूर्ण हक्क आहे.

सोसायटी ठराव करून कुत्रा पाळण्यावर किंवा ठरावीक जातीवर बंदी घालू शकते का?

नाही. बहुमताने ठराव झाला तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लहान कुत्रे चालतील पण मोठे नाहीत असा भेद करता येत नाही, आणि लिफ्ट वापरण्यास मनाई किंवा त्यासाठी जादा शुल्क लावता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. मुसके बांधण्याची सक्तीही सोसायटीने करू नये, असे त्या सूचना सांगतात. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पाळीव प्राण्यांना मनाई करणारे सोसायट्यांचे नियम बेकायदा ठरवले.

मात्र सोसायटीचे हात अगदीच बांधलेले नाहीत. सामाईक जागेत पट्टा असावा, विष्ठा उचलावी, दरवर्षीच्या रेबीज लसीचा आणि महापालिकेच्या परवान्याचा कागद कार्यालयात द्यावा, लिफ्टमध्ये कोणी आधीपासून असल्यास त्याला विचारून मगच शिरावे, असे नियम सर्वांच्या संमतीने करता येतात आणि ते टिकतात. आमच्या पाहण्यात, ज्या सोसायट्यांनी बंदीचा ठराव केला त्या कज्ज्यांत अडकल्या आणि त्यांचा पट्ट्याचा साधा नियमही मागे पडला.

कोणता पट्टा वापरावा? मुसके बांधणे क्रूरपणाचे नाही का?

चार ते सहा फुटांचा, न ताणणारा पट्टा गर्दीसाठी योग्य. रिळातून लांबत जाणारा पट्टा मोकळ्या मैदानावर ठीक आहे, जिन्यात किंवा लिफ्टपाशी नाही: दार उघडते, अंगठा पट्टा रोखणाऱ्या कळीवरून सरकलेला असतो, आणि मालक अजून लिफ्टच्या आत असताना कुत्रा पाच मीटरवर कोणाच्या तरी पायाशी पोहोचलेला असतो. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरून कुत्र्याला कोपऱ्यात बसवावे आणि स्वतः मध्ये उभे राहावे. साखळी मजबूत दिसते, पण हिसका बसला की हात सोलते. मोठ्या कुत्र्याला छातीवरून बांधायचा पट्टा अधिक ताब्यात ठेवतो.

मुसक्याचे दोन प्रकार मिळतात. तोंड आवळून धरणाऱ्या कापडी नळीत कुत्र्याला जीभ बाहेर काढून धापता येत नाही. आपल्या उन्हात ती काही मिनिटांपलीकडे वापरू नये. जाळीदार टोपलीसारख्या मुसक्यात तो धापतो, पाणी पितो, खाऊही घेतो. आत खाऊ ठेवून हळूहळू सवय लावली की कुत्रा स्वतःहून तोंड घालतो. सोसायटी सक्ती करू शकत नसली तरी ताकदवान कुत्र्याच्या मालकाने आपणहून ते वापरावे, असे आम्हांला वाटते.

घरात कुत्रा दिवसभर साखळीला बांधून ठेवला तर?

तो सुरक्षित राहत नाही, उलट चिडखोर होतो. शिवाय आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे आणि बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. १९६० मध्ये ही रक्कम काही तरी होती. आज त्यात चहाही धड येत नाही.

भटक्या कुत्र्यांना पट्टा नसतो. मग नियम आम्हांलाच का?

कारण तुमच्या कुत्र्याला मालक आहे. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आणि कितीतरी मोठा आहे, आणि तो सध्या सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने लस व निर्बीजीकरणानंतर कुत्रे मूळ जागी सोडण्यास मुभा दिली, पिसाळलेले व आक्रमक वगळून. पुढे ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून कुत्रे हटवून पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश दिला. पट्ट्यातल्या कुत्र्यावर भटके धावून आले तर पळू नये आणि कुत्र्याला उचलूनही घेऊ नये. मध्ये उभे राहून, आवाज न चढवता, हळूहळू बाजूला व्हावे.

कुत्रा चावल्यास आधी काय करावे?

वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कुत्रा पाळीव आहे, लस झाली आहे, म्हणून थांबू नये. सरकारी रुग्णालयांत त्वचेत देण्याच्या लसीचे वेळापत्रक साधारणपणे ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलेल्या खोल जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे औषधही द्यावे लागते. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवावे.

तक्रार कोठे आणि कशी करावी?

कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे पोलिसांनी नुसती नोंद करून पाठवणी केल्यास तक्रारीत कलमाचा उल्लेख करून गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा. रुग्णालयाचा कागद, जखमेची छायाचित्रे आणि सोसायटीच्या कॅमेऱ्यातील चित्रण लगेच मिळवावे. बहुतेक यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांतच पुसले जाते. कुत्र्याला परवाना नसेल तर महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे वेगळा अर्ज करावा. अजून कोणी चावलेले नाही, पण कुत्रा रोज मोकळा सोडला जातो, अशा वेळीही तारखांसह लेखी तक्रार सोसायटीकडे देऊन पोच घ्यावी. पुढे काही घडले तर मालकाला धोका माहीत होता, हे त्या कागदावरून सिद्ध होते.

आमच्याकडे यादीतल्या जातीचा कुत्रा आधीपासून आहे. आम्ही काय करावे?

सर्वप्रथम, घाबरून त्याला महामार्गावर सोडून देऊ नये. प्राणी टाकून देणे हाही कलम ११ खाली गुन्हाच आहे, आणि २०२४ च्या मार्चमध्ये निवारागृहांच्या दारात असे कुत्रे नको तितके आले. परवाना, लस, निर्बीजीकरण आणि मायक्रोचिप यांचे कागद एका पाकिटात तयार ठेवावेत. कुत्रा विकत घेतला असेल तर पैदासकाराची पावती जपावी. २०१७ च्या पैदास व विपणन नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. राहते घर बदलणार असाल, विशेषतः गोव्यात किंवा उत्तरेतील एखाद्या शहरात जाणार असाल, तर भाडेकरार करण्यापूर्वी तेथील पालिकेचा नियम लेखी मागवून घ्यावा.